खासगी डोमेन नोंदणी: पहिल्या वर्षाचा दर बघू की पुढचा?

पारिजातक:
नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. गेली तीन वर्षं त्यांचं करताना जे शिकत गेले ते टोपणनावानं लिहून ठेवलंय, आणि आता त्यासाठी स्वतःचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्यायचं ठरवलंय. लिखाणात घरातल्या फार आतल्या गोष्टी आहेत. बाबांचं आंघोळीला नाही म्हणणं, रात्री कडी काढून बाहेर पडणं. त्यामुळे डोमेन कुणाच्या नावावर आहे, पत्ता काय, फोन काय, हे कुणालाही बघता येऊ नये ही माझी पहिली अट. घरी अनोळखी फोन वाजला तरी बाबा संध्याकाळपर्यंत बेचैन असतात.

तीन रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्यांचे, वर्षाचे दर वहीत उतरवलेत. पहिल्याकडे १.९९ डॉलर, प्रायव्हसी (म्हणजे मालकाची माहिती झाकणं) फुकट. दुसऱ्याकडे ११.०८, प्रायव्हसी त्यातच. तिसऱ्याकडे १४.५० आणि प्रायव्हसीचे वेगळे ३. पहिलाच स्वस्त दिसतोय म्हणून कार्टमध्ये टाकून ठेवलंय. पण एकाच वस्तूच्या दरात एवढी तफावत कशी? आणि तिसरा तीन डॉलर घेतो म्हणजे फुकट मिळणारी प्रायव्हसी कच्ची असते का?

जुनी_वही:
ताई, अजून पैसे भरू नका. आधी पहिल्याच्या दरपत्रकात रिन्यूअलचा, म्हणजे पुढच्या वर्षांच्या नूतनीकरणाचा, दर शोधा. तो बहुतेक खाली बारीक अक्षरात असेल.

डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंदवही, व्हेरिसाइन नावाची कंपनी चालवते. प्रत्येक रजिस्ट्रारला दर डोमेनमागे दर वर्षाला तिला ठरलेली रक्कम द्यावीच लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती १०.२६ डॉलर आहे. त्यावर आयकॅनचं, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं शुल्क, १ जुलै २०२५ पासून २० सेंट. म्हणजे १०.४६ ही खरेदीच झाली. १.९९ ला देणारा पहिल्या वर्षी पदरचे साडेआठ डॉलर घालतोय. ते तो पुढे वसूल करणार, आणि प्रायव्हसी ही वसुलीची एक जागा असते.

पारिजातक:
शोधलं. दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल २१.९९, आणि प्रायव्हसीही फुकट राहत नाही, वर्षाला ९.९९. पाच वर्षांचा हिशेब केला: पहिल्याकडे १२९.९१, दुसऱ्याकडे ५५.४०, तिसऱ्याकडे ८७.५०. सर्वात स्वस्त म्हणून निवडलेला सर्वात महाग निघाला. बरं झालं विचारलं.

चौकट:
फुकटची प्रायव्हसी कच्ची नसते. ती फुकट का झाली ते सांगतो.

पूर्वी हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या मालकांच्या जाहीर नोंदीत, डोमेनचं नाव टाकलं की मालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल सगळं उघडं दिसायचं. ते झाकायला वर्षाला आठ-दहा डॉलर मोजावे लागायचे. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला आणि त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनला तात्पुरते नियम आणावे लागले. तेव्हापासून डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन रजिस्ट्रारला झाकता येतात, आणि पुष्कळ जण सगळ्याच ग्राहकांचे झाकतात. मग जे मुळातच झाकलेलं आहे त्याचे पैसे कशाला मागायचे, असं म्हणून काहींनी प्रायव्हसी मूळ दरातच घातली. नेमचीप आणि पोर्कबन असंच देतात. क्लाउडफ्लेअर तर डोमेनही खरेदीच्या भावात देतं आणि माहिती झाकण्याचं काही घेत नाही.

प्रायव्हसी दोन प्रकारची असते. नुसतं झाकण्यात मालक तुम्हीच, फक्त रकाने रिकामे दिसतात. प्रॉक्सीमध्ये नोंदीत मालक म्हणून दुसऱ्याच संस्थेचं नाव लागतं आणि ती तुम्हाला डोमेन वापरायला देते. तुमच्या कामाला पहिला प्रकार पुरे. एकच बघा, संस्था नावाचा रकाना कोरा ठेवा. तिथे काही लिहिलं तर ते उघडं राहू शकतं.

आणि हिशेबच करायचा तर आणखी एक वाट आहे. १.९९ ला घ्या, वर्ष भरायच्या आत ११.०८ वाल्याकडे ट्रान्सफर करा, म्हणजे डोमेन तिकडे हलवा. ट्रान्सफरमध्ये एक वर्ष वाढवून मिळतं. पाच वर्षांचे ४६.३१ होतील, नऊ डॉलर वाचतील.

जुनी_वही:
चौकट, आकडा बरोबर आहे, पण ताईंना मी ही वाट सुचवणार नाही. नोंदणीनंतर पहिले साठ दिवस साधारणपणे डोमेन हलवता येत नाही, नंतर मुदतीआधी आठवणीनं ट्रान्सफरचा कोड काढायचा, ईमेलवर मंजुरी द्यायची. ज्या बाईच्या रात्री वडिलांच्या दाराशी जातात तिनं ती तारीख सांभाळत बसावं का? शिवाय प्रायव्हसी डोमेनबरोबर प्रवास करत नाही. नवीन ठिकाणी ती आपोआप चालू होते का, हे आधी बघावं लागतं.

मी हे पोळल्यावर शिकलोय. २०१३ मध्ये मी डोमेन घेतलं, प्रायव्हसी वेगळी विकत घेतली. दोन्हींच्या मुदती वेगळ्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. डोमेनचे पैसे कार्डावरून आपोआप कापले गेले, प्रायव्हसीचे नाहीत, कारण तिथे आपोआप नूतनीकरणाची खूण नव्हती. माझा घरचा पत्ता आणि मोबाइल अकरा दिवस उघडा होता. तेवढ्यात वेबसाइट बनवून देतो म्हणणारे फोन सुरू झाले, आणि पाठोपाठ ‘डोमेन संपतंय, पैसे भरा’ अशी भलत्याच कंपनीची बिलं टपालानं यायला लागली. प्रायव्हसी पुन्हा चालू केली, पण जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या सेवा असतात. त्यांच्याकडे ते अकरा दिवस अजून आहेत. एकदा दिसलेला पत्ता परत झाकता येत नाही.

हे फक्त माझ्यासारख्या विसराळू माणसाचंच होतं असं नाही. २०१५ मध्ये गूगल अ‍ॅप्समार्फत घेतलेल्या २,८२,८६७ डोमेनच्या मालकांची माहिती अशीच उघडी पडली होती. त्यांनी प्रायव्हसी घेतलेली होती, पण नूतनीकरणाच्या वेळी एका तांत्रिक चुकीमुळे ती पुढे चालूच राहिली नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: जिथे प्रायव्हसीची वेगळी ओळ बिलात नाही, वेगळी मुदत नाही, तिथेच घ्या. नऊ डॉलर जास्त गेले तरी चालतील.

चौकट:
हे पटलं. मी फक्त पैशांकडे पाहत होतो.

पारिजातक:
अकरा दिवसांत एवढं! वाचून पोटात गोळा आला. मग एक मनात आलं ते विचारते. टोपणनाव आणि खोटा पत्ताच टाकला तर? मग झाकायची गरजच उरणार नाही.

मध्यरात्र:
नको, अजिबात नको. माहिती खरी देणं हे करारातच असतं. ईमेलची खातरजमा पंधरा दिवसांत झाली नाही तर डोमेन बंद ठेवलं जातं, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ते रद्दही होऊ शकतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे उद्या खात्याचा पासवर्ड हरवला किंवा कुणी खातं बळकावलं, तर मालक मीच हे दाखवायला तुमच्याकडे कागद काय असणार? ओळखपत्रावर एक नाव, नोंदीत दुसरं.

प्रॉक्सीतही हाच धोका बारीक स्वरूपात असतो. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय नावाचा रजिस्ट्रार कोलमडला आणि आयकॅननं त्याची मान्यता काढली. ज्यांनी त्याची प्रायव्हसी घेतली होती त्यांची पंचाईत झाली, कारण कागदोपत्री मालक म्हणून प्रायव्हसी सेवेचं नाव होतं आणि खरा मालक कोण ते फक्त त्या बुडत्या कंपनीलाच माहीत. म्हणून रजिस्ट्रारला खरं नाव द्या, जगापासून ते झाका, आणि पैसे भरल्याची प्रत्येक पावती स्वतःजवळ ठेवा. ईमेलही त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं तर तोही बंद पडेल.

देशांच्या डोमेनना मात्र हे सगळं लागू नाही. तिथे प्रत्येकाचा वेगळा नियम. अमेरिकेच्या डॉट यूएसवर प्रायव्हसी घ्यायलाच बंदी आहे, कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी. कॅनडाच्या डॉट सीएमध्ये उलट, व्यक्तीची माहिती आपोआप झाकलेली असते.

पारिजातक:
११.०८ वाल्या दुसऱ्याकडून घेतलं. खऱ्या नावानं, संस्थेचा रकाना कोरा. पाच वर्षांचे एकदम भरले, म्हणजे मधे दर वाढले तरी मला झळ नाही आणि तारीख लक्षात ठेवायची नाही. लगेच आयकॅनच्या शोधपानावर जाऊन बघितलं. नाव, रस्ता, फोन सगळं झाकलेलं. पण राज्य आणि देश दिसतोय. माझं काही चुकलं का?

चौकट:
नाही. नुसतं माहिती झाकण्यात राज्य आणि देश उघडेच राहतात. तेही नको असतील तर प्रॉक्सी घ्यावी लागेल, मग नोंदीत त्या सेवेचा पत्ता दिसतो. तुमच्या रजिस्ट्रारच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे का बघा.

पारिजातक:
पर्याय आहे, तोही फुकट. पण मध्यरात्र यांनी सांगितलेलं वाचल्यावर नोंदीत मालक म्हणून माझंच नाव राहू देते. राज्यावरून आमच्या दारापर्यंत कुणी पोचणार नाही. पावती छापून बाबांच्या औषधांच्या फाइलमध्ये लावली आहे. ती फाइल घरात कधीच हरवत नाही.