जुनी बोलेरो पिकअप: मागचे पाटे बसलेत, घाटात ओढ नाही. आधी काय करायचं?

जांबोटी_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, २०११ मॉडेल, २५२३ सीसी डीआय टर्बो, मेकॅनिकल डिझेल पंप. पुढे-मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत, टायर २१५/७५ आर १५. खानापूर भागातली भाजी घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जाते, परत येताना बहुतेक रिकामी.

तक्रारी तीन. माल भरला की मागची डावी बाजू जास्त बसते आणि खड्ड्यात रबरी गट्टूवर आपटते. रिकामी असली की मागचा भाग उड्या मारतो. चढाला तिसऱ्यात ओढत नाही, काळा धूर टाकते. शिवाय ६० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं.

एक मिस्त्री म्हणतात दोन-दोन पाटे वाढवा, दुसरे म्हणतात २३५/७५ टायर घाला, तिसरे म्हणतात पंपाचा स्क्रू थोडा फिरवतो. यातलं कुठलं आधी करू आणि कुठलं करूच नको?

उद्यमबाग_पाटेवाला

दादा, पाटा वाढवायच्या आधी टेप घ्या. गाडी रिकामी, सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा. मागच्या ॲक्सलच्या वरच्या कडेपासून चेसीच्या खालच्या कडेपर्यंत डावीकडे आणि उजवीकडे मोजा. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर घ्या. एका बाजूचं अंतर कमी-जास्त आलं तर सेंटर बोल्ट (पाट्यांच्या गठ्ठ्याच्या मधोमध जाणारा, ॲक्सल जागेवर धरणारा) तुटून ॲक्सल सरकलाय असं समजा. मग पाटे कितीही घाला, गाडी तिरकीच पळणार.

रिकामी उडते आणि भरली की बसते, म्हणजे पाटे दमलेत आणि शॉकअपही गेलेत. जादा पाट्यानं उडणं कमी होत नाही, वाढतं. त्याच जाडीचा एक पाटा सहाच्या गठ्ठ्यात घातला तर ताठपणा साधारण सहाव्या हिश्शानं वाढतो. पण बरेच जण ८ मिमीच्या गठ्ठ्यात १० मिमीचा पाटा घालतात. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: ८ चा घन ५१२, १० चा घन १०००. तो एक पाटा जवळजवळ दोन पाट्यांएवढा ताठ असतो. बाकीच्यांबरोबर तो वाकत नाही, सगळा मार स्वतःवर घेतो आणि सेंटर बोल्टच्या भोकातून तुटतो.

गॅसकटरनं तापवून, हातोड्यानं कमान देऊन घ्यायची नाही. पाट्याच्या पोलादाला भट्टीत तापवून, तेलात विझवून, परत ठराविक तापमानाला मुरवून पाणी दिलेलं असतं. गॅसची ज्योत जिथं लागली तिथलं पाणी उतरलं. कमान महिना-दोन महिने दिसते, मग त्याच जागी पाटा बसतो किंवा तुटतो. वेल्डिंग तर पाट्याला कधीच नाही.

माझा सल्ला असा: दोन्ही बाजूंचा पूर्ण नवा गठ्ठा, कंपनीच्या मूळ मापाचा. एकाच बाजूचा बदलू नका, दुसरी बाजू लगेच मागे पडते. रिकामी गाडी मऊ आणि भरलेली ताठ हवी असेल तर खाली हेल्पर पाटा घालता येतो. तो रिकाम्या गाडीत वरच्या पाट्यांना टेकत नाही, वजन आल्यावरच कामाला लागतो.

बसवताना:

– सेंटर बोल्ट, यू-बोल्ट (गठ्ठा ॲक्सलला आवळणारे), शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) बुश नवे. यू-बोल्ट एकदा ताणला की लांबतो, परत तेवढा पकडत नाही.
– सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या सीटमधल्या भोकात पूर्ण बसलं का ते हात घालून बघा. अर्धवट बसलं तर पहिल्याच ब्रेकला ॲक्सल सरकतो.
– पाट्यांमधला गंज तारेच्या ब्रशनं काढून ग्रॅफाईट ग्रीस.
– यू-बोल्टचे चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत, टॉर्क रेंचनं.
– शॅकल आणि पिनचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, मग आवळा. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो.
– १०० किमी झाल्यावर आणि परत ५०० किमीला यू-बोल्ट तपासा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, नट ढिले पडतात. हे कुणी करत नाही, आणि निम्मे सेंटर बोल्ट यातच तुटतात.

शॉकअप घेताना बंद लांबी आणि उघडी लांबी दोन्ही मोजा. गाडी गट्टूवर टेकेपर्यंत बसली तरी शॉकअप आतून ठोकला जाता कामा नये.

निपाणी_डिझेल

पाट्यांचं वर आलंच आहे, मी इंजिनचं लिहितो.

काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. स्क्रू फिरवला तर डिझेलच वाढणार. धूर दाट होईल, एक्झॉस्ट जास्त तापेल, आणि चढावर तो ताप टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि पिस्टनच्या डोक्यावर जाईल. म्हणून आता पंपाला हात लावू नका. आधी हवेची वाट बघा: एअर फिल्टर, टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (इंजिनात हवा वाटणारा पाईप) सगळे होज, इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) असेल तर त्याचे सांधे. खानापूरकडची तांबडी धूळ फिल्टर फार लवकर भरते. होजची चीर बरेचदा खालच्या बाजूला असते आणि उभ्या गाडीत ती दिसत नाही, कारण आयडलला टर्बोचा दाब नसतोच. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला बूच लावा, कॉम्प्रेसरनं १ बारच्या आत हवा सोडा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की चीर सापडली.

टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून बघा. किंचित आडवा हलतो तो ठीक. पुढे-मागे हलत असेल किंवा पातं घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो उतरवायला लागतो. त्यानंतर इंजेक्टर (डिझेल फवारणारे) काढून नोझल टेस्टरवर फवारा बघा. फवारा धारेसारखा आला तरी काळा धूर येतो.

उलट, धूर नाही आणि ओढही नाही, असं असेल तर डिझेल फिल्टर, सक्शन लाईनमधली हवा आणि पंपावर येणारी बूस्टची (टर्बोच्या दाबाची) बारीक नळी तपासा.

आणि एक, इंजिनला दोष द्यायच्या आधी चाकं बघा. ५–६ किमी ब्रेक न वापरता चालवून चारही हबजवळ हात न्या. एखादं खूप तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आवाज चढला पण वेग तेवढाच राहिला तर क्लच घसरतोय.

चंदगड_बेळगाव_रोड

टायरबद्दल. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिमी, २३५/७५ चा ७३३. म्हणजे ४ टक्क्यांहून थोडा मोठा. क्लिअरन्स १५ मिमीच वाढतो, पण प्रत्येक गिअरमधली ओढ तेवढ्याच टक्क्यांनी कमी होते. ज्याची तक्रारच चढाला ओढत नाही अशी, त्यानं हे करू नये. स्पीडोमीटरही कमी दाखवेल. टायर घ्यायचाच असेल तर त्याच मापात घ्या, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी नको.

सगळ्यात महत्त्वाचं ब्रेकचं. तुमच्या गाडीत मागच्या ॲक्सलला जोडलेल्या दांडीवर लोड सेन्सिंग व्हॉल्व असेल, तर तो ॲक्सल आणि चेसीमधल्या अंतरावरून वजन ओळखतो. जादा पाटे घालून गाडी उंच झाली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. चोर्ला उतरताना सगळं काम पुढच्या ब्रेकवर येतं, ते तापतात आणि पेडल दमतं. पाटे बदलल्यावर व्हॉल्वच्या दांडीची सेटिंग करून घेतल्याशिवाय घाट उतरायचा नाही.

आणि पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ॲक्सल, हब, ब्रेक तेच आहेत. जादा वजनाला मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. आरसीत नसलेला बदल कलम ५२ मध्ये अडकतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथं ते बघतातच.

जांबोटी_पिकअप

सगळ्यांचे आभार. मोजलं. ॲक्सल ते चेसी डावीकडे २४ मिमी कमी. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर डावीकडे ९ मिमी कमी. डावीकडचा तिसरा पाटा चिरलाय. टर्बोच्या वरच्या होजला क्लिपजवळ चीर आहे. स्टेअरिंगचं मात्र कळत नाही.

उद्यमबाग_पाटेवाला

९ मिमी म्हणजे ॲक्सल सरकलाय. सेंटर बोल्ट तुटला असणार. ते नीट होईपर्यंत माल भरू नका की ओ, आणि घाटात तर नकोच.

स्टेअरिंगसाठी पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतीला असलेल्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हब बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती). मग डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवा, तिथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा (स्टेअरिंगच्या दांडीच्या टोकाचा सांधा). यात काही सापडलं नाही तर मगच बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट.

मागची बाजू मूळ उंचीवर आल्याशिवाय अलाइनमेंट करू नका. सुमारे ३ मीटरच्या व्हीलबेसवर मागची उंची ५० मिमीनं बदलली तर पुढचा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) जवळपास १ अंशानं बदलतो. म्हणजे मागून उंच केलेली गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते.

क्रम असा ठेवा: पाटे, बुश आणि यू-बोल्ट, लगेच शॉकअप, मग ब्रेक व्हॉल्वची सेटिंग, किंगपिन किंवा बेअरिंग जे निघेल ते, मग अलाइनमेंट. होज आजच बदला, त्याला बाकीच्यांची वाट बघायची गरज नाही.

निपाणी_डिझेल

होज बदलताना क्लिपही नवी, टी-बोल्टची घ्या. साधी स्क्रू-क्लिप त्याच जागी परत कापते. पाईपच्या टोकावरचं तेल पुसून कोरडं करा, नाहीतर दाब आला की होज निसटतो. मग घाटाला नेऊन धूर बघा. तरीही काळा आला तर नोझल.