मदत हवी आहे : तलावाची 'मूळ स्थिती' कशी ठरवायची? (तातडीचे)

माळरान :
एमएस्सीचा प्रकल्प आहे. तलावाच्या परिसंस्थेची गुणवत्ता ठरवायची आहे. रिपोर्ट हातात आहेत, एकूण फॉस्फरस लिटरला ६० मायक्रोग्रॅम आलाय. सर म्हणतात, "बिघडलाय म्हणतेस, पण कशाच्या तुलनेत?" मूळ स्थितीचा आकडा कुठे मिळेल? एखादा तक्ता? सोमवारी द्यायचंय. "गूगल कर" म्हणू नका, केलंय.

नियमावली :
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ए ते ई वर्ग बघा. डी वर्ग मासे आणि वन्यजीवांसाठी, ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा. विषय संपला.

निळा_बगळा :
संपला कसा? ते वर्ग पाणी कशाला वापरायचं ते सांगतात. तलाव मुळात कसा असायला हवा होता, हे त्यात कुठेय?
माळरान, तलाव कुठला? नैसर्गिक की बांधलेला? खोली? नमुने दिवाळीनंतरचे की मे महिन्यातले?

झिंगाभाऊ :
जलपर्णी असेल तर मुळासकट ओढून काठापासून लांब वाळवा. काठावर टाकली की पहिल्या पावसात परत पाण्यात. स्वानुभव.

माळरान :
जलपर्णी नाहीये हो! आणि तलाव कुठला याने काय फरक पडतो? फॉस्फरस तो फॉस्फरस.

ऱ्हाईनकाठ :
फरक पडतो, ताई. मी जर्मनीत याच कामात आहे. युरोपच्या २००० सालच्या पाणी निर्देशात (तिथला पाण्याचा कायदाच म्हणा) तलावाचा आधी प्रकार ठरतो: उंची, खोली, आकार, खालचा खडक. मग त्या प्रकारातला माणसाने जवळपास न बिघडवलेला तलाव कसा दिसेल ते ठरवायचं आणि आपला त्याच्याशी ताडून पाहायचा. दोघांचं गुणोत्तर ० ते १ (१ म्हणजे मुळासारखा), त्याचे वर्ग पाच. हरितद्रव्यासारखी (म्हणजे पाण्यातल्या शेवाळाचं माप) गोष्ट वाढली की वाईट, म्हणून तिथे भागाकारात मूळ आकडा वर आणि आपला खाली.
न बिघडलेला तलाव सापडत नसेल तर तळात नळी घुसवून गाळाचा उभा गाभा काढा. डायटमची (काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ) कवचं थराथरात टिकतात, थरांचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून कळतं. माझं मत विचाराल तर यासारखी पद्धत नाही.

खमंग_फोडणी :
मुलगी सोमवार म्हणतेय आणि हे शिसं मोजायला सांगतायत.

नियमावली :
१९८२ चा ओईसीडीचा (विकसित देशांची संघटना) तक्ता आहे की. फॉस्फरसची वार्षिक सरासरी १० ते ३५ म्हणजे मध्यम, ३५ च्या वर अतिपोषित, म्हणजे शेवाळ माजेल इतकं खत. ६० म्हणजे अतिपोषित. घ्या.

निळा_बगळा :
एका रिपोर्टवर वार्षिक सरासरी? आणि तो तक्ता पोषण किती ते सांगतो, मूळ किती होतं ते नाही. ग्रॅनाइटवरचं थंड, खोल सरोवर आणि आपल्या काळ्या पाषाणावरचं उथळ तळं, दोघांची सुरुवातच एक नाही. बसाल्ट झिजून मुळातच जास्त फॉस्फरस येतो.
माळरान, तलाव??

माळरान :
पारनेर तालुक्यातला पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात कामावर आलेल्या लोकांनी बांधलेला. वर कांद्याची शेतं आणि गोठे. मे महिन्यात दीड मीटर पाणी, नमुना तेव्हाचाच.

निळा_बगळा :
हे पहिल्या ओळीत हवं होतं. १९७२ आधी तिथे ओढा होता. तलावाची 'मूळ स्थिती' म्हणजे तलावच नाही! आणि मे महिन्यात पाणी आटून सगळंच दाट झालेलं असतं.

ऱ्हाईनकाठ :
तरी पन्नासेक वर्षांचे थर असतील की. सुरुवातीची वर्षं तळाशी.

माळरान :
२०१८ ला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मध्ये गाळ काढला. ट्रॅक्टर लावून शेतकऱ्यांनी नेला.

खमंग_फोडणी :
म्हणजे काकांचे डायटम आता कांद्याच्या वाफ्यात.

झिंगाभाऊ :
चिलापी मासा आहे का? सोडली असेल तर गाळ ढवळत राहते, पाणी निवळत नाही. देशात १९५२ ला आणली, आता जिथे बघाल तिथे.

ऱ्हाईनकाठ :
'मूळ स्थिती म्हणजे तलावच नाही' हा निळा_बगळा यांचा मुद्दा बरोबर आहे. बांधलेल्या तलावाला निर्देशातही 'नैसर्गिक' कसोटी लावत नाहीत. त्याची कमाल क्षमता किती, एवढंच बघतात.

निळा_बगळा :
मग तेच कर. त्याच तालुक्यातले, त्याच काळातले पाझर तलाव शोध, ज्यांच्या वर गायरान किंवा वनखात्याची जमीन आहे, गोठे नाहीत. पाच-सहा मिळाले तरी चालेल. सगळ्यांचे नमुने एकाच आठवड्यात घे, पावसाळा संपल्यावर. अमेरिकेत अशा कमी बिघडलेल्या तलावांच्या आकड्यांचा ७५ वा शतमक (शंभरातले ७५ आकडे ज्याच्या खाली येतात तो) हद्द म्हणून घेतात, तो तूही घेऊ शकतेस. सेकी तबकडीवर (पाण्यात सोडून किती खोलवर दिसते ते बघायची चकती) मात्र विसंबू नकोस. आपल्याकडे मातीनेच पाणी गढूळ असतं, तबकडी दोन वितींवर दिसेनाशी होते आणि शेवाळ नसताना शेवाळाचा आळ येतो.

नियमावली :
आणि गावाने काय प्यायचं, शतमक? वापराचे वर्ग उगाच नाही केले.

निळा_बगळा :
तो वेगळा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा.

माळरान :
सोमवारपर्यंत हे कसं होणार?

निळा_बगळा :
नाही होणार. सोमवारी पद्धत लिहून दे आणि तलावांची यादी जोड. ६० ला 'बिघडलेला' म्हणू नकोस, 'ठरायचं आहे' म्हण.

माळरान :
वनखात्याच्या हद्दीत एक आहे. तिथे शेळ्या येतात, चालेल?

निळा_बगळा :
किती? पाण्यात उतरतात की पाळीवर चरून जातात? आणि सांडव्याच्या वरच्या अंगाला वस्ती आहे का?