जर्मन जावई आणि अंतरपाट

भाचीचं लग्न डिसेंबरात पुण्यात, मुलगा जर्मन. तिकडचे वीसेक जण येणारेत, कंटाळणार नाहीत असे कुठले विधी ठेवावेत? रजिस्टर कधी करायचं?

– रजिस्टरचं आधी बघा! स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ खाली नोटीस दिली की ३० दिवस थांबावं लागतं, शिवाय दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहिलेला हवा.

– अंतरपाट ठेवाच हो. आमचा जावई सव्वासहा फूट, भटजी स्टुलावर उभे राहिले तरी याला पलीकडचं सगळं दिसतंय, आणि व्याह्यांनी पहिल्याच 'सावधान'ला सगळ्या अक्षता उधळून टाकल्या 😂 तिकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे पोल्टरआबेंडला, पाहुणे चिनी मातीच्या बशा फोडतात (काच नाही हं, ती अशुभ), मग नवरा-नवरीने मिळून झाडायचं. आमच्या ह्यांनी माझा जुना डिनर सेट नेला.

– सेट नाही देणार मी. स्टूल आणते.