वरच्या मजल्यावरची १२ बाय १४ ची खोली, एसी किती टनाचा घ्यावा? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात राहतो. डोक्यावर थेट गच्ची, पश्चिमेची भिंत उघडी. प्रश्न आईच्या खोलीचा आहे. १२ बाय १४, उंची १० फूट. एप्रिलात रात्री अकराला स्टुलावर चढून स्लॅबला हात लावा, नुकताच उतरवलेला तवा. पंखा लावला की तीच झळ खाली येते. आई खिडकीला सोलापुरी चादर भिजवून बांधते, ती अर्ध्या तासात कडकडीत वाळते. तिचं आयुष्य माळवदाच्या घरात गेलं, त्यामुळे "तुमच्या सिमेंटपेक्षा आमची माती बरी" हे रोज ऐकतो. चूकही नाही म्हणा तिचं.

आजवर कूलरवर भागवलं. हवा कोरडी असेपर्यंत कूलरला तोड नाही. पण ४० लिटरची टाकी दुपारी १२ ला भरली की ५ ला तळ दिसतो, आणि नळाला पाणी चार दिवसांआड. कूलरला घालायचं की प्यायला ठेवायचं? जूनमध्ये ढग आले की नुसती चिकचिक.

आता एसी बघतोय. दुकानदार म्हणतो २ टन घ्या, मेहुणे म्हणतात एका माणसाला १ टन बास. खोली दोघांनीही पाहिलेली नाही. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) हे कळलं, पण खोलीला किती लागतात ते कसं ठरवायचं? आईला सांधेदुखी आहे, गार झोत अंगावर नको. कुणाला अनुभव असेल तर सांगा की.

प्रतिसाद १
एसीचीच कामं करतो. २ टन नको. एवढ्या खोलीत तो झटक्यात गारवा करून थांबतो, हवेतला ओलावा निघतच नाही. पावसाळ्यात खोली गार आणि दमट, आईंना तेच बाधेल. मधल्या मजल्यावर १ टनात कसंबसं निभावलं असतं, तुमच्यावर स्लॅब आहे. शिवाय एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ ला गेला की तोच एसी कमी गारवा देतो. म्हणून दीड टन, इन्व्हर्टरवाला, गरज नसेल तेव्हा तो आपोआप हळू चालतो. बाहेरचं युनिट पश्चिमेला लावू नका, दुपारभर उन्हात तापेल. १६ अँपिअरची वेगळी लाईन ओढा. आतलं युनिट उशाच्या वर नको, झोत पलंगाला ओलांडून जाईल अशी भिंत बघा.

प्रतिसाद २
एसी येईपर्यंत गच्ची झाडून चुन्याचे दोन हात मारा बघू. चुन्यात फेविकॉल घाला, नाहीतर पायाला लागून घरभर पांढरी पावलं उमटतात. आमच्याकडे उमटली होती.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चुना उद्याच आणतो. एक राहिलं: उत्तरेला जिन्याजवळ बाहेरचं युनिट लावलं तर आतल्या युनिटपर्यंतची नळी १८ फूट होते. चालेल का?

प्रतिसाद १
चालेल. एसीबरोबर बहुतेक ३ मीटरच नळी येते, त्याहून जास्त लागणाऱ्या तांब्याच्या नळीचा दर बसवणाऱ्याशी आधीच ठरवा. आणि वळणावर ती चेपत नाही ना, हे समोर उभं राहून बघा.