रि: मंडळाचा धुराड्याचा ब्रश सध्या कोणाकडे आहे?

प्रेषक: मंदार

मंडळी,
धुराडं साफ करायचा मंडळाचा ब्रश आणि त्याच्या जोडकाठ्या सध्या कोणाकडे आहेत? शनिवारी सकाळीच हव्यात. रविवारची बैठक आमच्याकडे आहे आणि मागच्या वेळसारखा तमाशा नको (जे होते त्यांना ठाऊक आहे). शशीताई, वहीत बघता का?
टॉर्च लावून वर पाहिलं, तर डॅम्परच्या (धुराड्यातल्या झडपेच्या) वरती सगळं काळंकुळकुळीत आणि डांबर ओतल्यासारखं चकचकीत दिसतंय. दोन-चारदा ब्रश फिरवला की निघेल.
मंदार

------

प्रेषक: शशीताई

वही पाहिली. ब्रश जानेवारीत अविनाशकडे गेला. परत आल्याची नोंद नाही. नोंद म्हणजे माझ्या वहीतली. "ताई, मी गॅरेजबाहेर ठेवून गेलो होतो" याला नोंद म्हणत नाहीत.
जोडकाठ्या माझ्याकडे आहेत. त्यातली एक वाकडी होऊन परत आली आणि ती कोणी वाकवली हे अजूनही कोणी सांगितलेलं नाही. ब्रश वर अडकला की काठी उलटी फिरवू नये, सांधे सुटतात, हे मी प्रत्येकाला देताना सांगते.
आणि कृपया मंडळाच्या वस्तू परस्पर एकमेकांना देऊ नका.
शशिकला

------

प्रेषक: अविनाश

ब्रश माझ्याकडे नाही. मार्चमध्ये दिलीपकाका घेऊन गेले, गाडीत टाकतानाचा फोटो आहे माझ्याकडे.
मंदार, एवढा खटाटोप कशाला करतोस? धुराडं साफ करणारे तयार ओंडके मिळतात. एक पेटवायचा, विझेपर्यंत थांबायचं, झालं. मी इतकी वर्षं तेच करतोय, अजून घर उभं आहे.
अवि

------

प्रेषक: दिलीपकाका

शशिकलाबाई, ब्रश माझ्याकडे आहे, कोरडा आणि स्वच्छ आहे. तो परस्पर आला हे खरं, पण परस्पर जाणार मात्र नाही. मंदारला तो मी देत नाहीये आणि त्याला कारणं आहेत.

मंदार, तुझ्या धुराड्यात आधीच्या मालकाने स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे आतली नळी, घातलेला आहे, सहा इंची. मंडळाचा ब्रश आठ इंची आणि साध्या पोलादी तारांचा. एक तर तो आत जाणार नाही. रेटून घातलास तर लायनरला ओरखडे पडतील, तारांचे कण आत चिकटून राहतील आणि पुढे तिथेच गंज धरेल. स्टीलच्या लायनरला प्लास्टिकच्या केसांचा ब्रश लागतो. तारेचा ब्रश भाजलेल्या मातीच्या नळीसाठी, म्हणजे अविनाशकडे आहे तसल्या.

पण हे सगळं दुय्यम. तू "चकचकीत" म्हणालास आणि पुढे निघून गेलास. खरी गोष्ट तीच आहे.

लाकडाच्या धुरातली वाफ आणि न जळलेली द्रव्यं थंड नळीला लागून जमतात, ते क्रिओसोट. आधी ते भुरभुरीत काजळीसारखं असतं, कोणताही ब्रश ते काढतो. दुर्लक्ष केलं की कडक काळ्या पापुद्र्यांचा थर होतो. तोही जोर लावून निघतो. त्यापुढची पायरी म्हणजे तुझी: थरावर थर भाजून काचेसारखा चकाकणारा लेप. त्यावरून ब्रश नुसता घसरतो. तो रसायन मारून ठिसूळ करावा लागतो, नाहीतर फिरत्या साखळ्यांच्या यंत्राने फोडावा लागतो आणि हे काम धुराडेवाल्या कारागिराचं. सर्वसाधारण हिशोब असा की काजळी तीन मिलिमीटर झाली की सफाई करायची. चकचकीत लेप असेल तर जाडी मोजायचीसुद्धा नाही, तेव्हापासून फायरप्लेस बंद.

कारण तो लेप म्हणजे जळण आहे. एखादी मोठी ज्वाळा वर पोचली की नळीलाच आग लागते. ती आग हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. मातीची नळी तडकते, सांध्यातला चुना-सिमेंट उडतो आणि पुढच्या वेळी त्या फटीतून ज्वाळा थेट छताच्या लाकडापर्यंत जाते. बऱ्याच घरांत अशी आग लागून गेलेली असते आणि घरच्यांना पत्ताही नसतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी.

अविनाश, तुझे ओंडके खोटे नाहीत. त्यातल्या रसायनाने थर कोरडा आणि ठिसूळ होतो. पण ठिसूळ झालेला थर काढणार कोण? काही खाली पडतो, काही डॅम्परमागच्या कट्ट्यावर साचतो, उरलेला तिथेच. आणि ओंडका तडा गेलाय का, पक्ष्याने घरटं केलंय का, वरची टोपी गंजलीय का, हे बघून सांगत नाही.
दिलीप

------

प्रेषक: मंदार

काका, पटलं. पण कारागीर पुढच्या आठवड्याच्या आत मिळणार नाही, फोन करून झालेत. रविवारी अगदी लहानशी, नावापुरती शेकोटी केली तर? दोनच लाकडं. दार बंद ठेवून, मंद.

------

प्रेषक: लता

मंदार, मंद तर अजिबात नको! मंद जळणाऱ्या लाकडाचा धूर जास्त आणि तो गारही असतो, म्हणजे लेप जास्त. नळीतला धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की क्रिओसोट धरायला लागतो. हवा कोंडून रात्रभर धुमसवत ठेवणारे लोक स्वतःच स्वतःचं धुराडं भरत असतात. लहान जाळ चालतो, पण तो मोकळा आणि धगधगीत हवा.
आणि मुळात इतका थर एका हंगामात झाला कसा? लाकूड ओलं आहे तुझं. गेल्या वेळी तुझ्याकडे ओंडक्यांच्या टोकांतून फेस येऊन सुंसुं आवाज येत होता, मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं.

------

प्रेषक: अविनाश

लाकूड ओलं नाही, पाइन आहे. पाइनमध्ये राळ असते, त्यानेच धुराडी भरतात. ओक जाळा म्हणून मी कधीपासून सांगतोय.

------

प्रेषक: लता

अविनाश, हे तुझं नेहमीचं. वाळलेलं पाइन ओल्या ओकपेक्षा कितीतरी बरं. क्रिओसोट ठरतो तो ओलाव्यावर आणि हवा किती मिळते त्यावर, झाडाच्या जातीवर फार कमी. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उकळवण्यातच उष्णता जाते, मग जाळाला उरतं काय? आणि ओकच वाळायला सर्वांत रडवतो, फोडून रचल्यावर दोन वर्षं धरून चाला. पाइन सहा महिने ते वर्षभरात होतं.

ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. दोन सुया असलेलं ओलावामापक यंत्र येतं, पण बाहेरून टोचून उपयोग नाही, बाहेरचं साल-लाकूड नेहमीच कोरडं दाखवतं. ओंडका फोडायचा आणि ताज्या फोडलेल्या बाजूला मधोमध टोचायचं. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेलं लाकूड टणत्कार करतं, ओलं बद्द वाजतं.
मंदार, तू ताडपत्रीने पूर्ण ढीग गुंडाळून ठेवतोस ना? वरून फक्त झाक, बाजू उघड्या ठेव, आणि खाली जमिनीला टेकू देऊ नकोस.

------

प्रेषक: दिलीपकाका

लता, शाबास. फक्त एक भर: ओलावा कमी म्हणजे जितका कमी तितका बरा असं नाही. अगदी हाडं झालेलं लाकूड भसाभस पेटतं, हवा पुरत नाही आणि पुन्हा धूरच होतो. १५ ते २० टक्के उत्तम.

या निमित्ताने सांगतो, उघडी फायरप्लेस हे मुळात घर गरम करायचं साधनच नव्हे. खोलीतली तापलेली हवा ती स्वतःच वर ओढून बाहेर फेकते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ साली हेच ओळखून चूल उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा घसा अरुंद केला. उष्णता खोलीत परावर्तित व्हायला लागली आणि धूरही नीट वर जायला लागला. त्याचं गणित आजही…

------

प्रेषक: शशीताई

दिलीपराव, रम्फर्ड दरवर्षी होतो. ब्रश शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पोचवा.

------

प्रेषक: रोहिणी

ब्रशवरून ओकवर आणि ओकवरून रम्फर्डवर गेलात, पण मागच्या बैठकीचं कोणीच बोलत नाही. त्या दिवशी तिघांचं डोकं दुखलं, एकीला मळमळलं, आणि आपण ते अध्यक्षांच्या भाषणावर घालून हसलो. बाहेर अंगणात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यांना बरं वाटलं, आठवतंय? एकाच खोलीतल्या अनेकांना एकदम त्रास होणं आणि बाहेर गेल्यावर उतरणं, हे कार्बन मोनॉक्साइडचं नेहमीचं लक्षण आहे. तोच होता असं मी छातीठोक म्हणत नाही, पण तपासलं कोणी नाही.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. धुराचा अलार्म त्याला ओळखत नाही, त्याचा अलार्म वेगळा. प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांजवळ एक असायलाच हवा. मंदार, तुझ्याकडे जिन्यात जो पिवळा पडलेला गोल डबा आहे तो धुराचा आहे. शिवाय या अलार्मना मुदत असते, मागे तारीख छापलेली असते ती बघा. ही सूचना सगळ्यांनाच.

सर्वांत धोक्याची वेळ शेवटची. ज्वाळा नाही, धूर नाही, लाल निखारे आहेत, मग गार वारा खाली यायला नको म्हणून कोणीतरी डॅम्पर लावून झोपायला जातं. निखाऱ्यांतून तो वायू सर्वांत गुपचूप येतो. राख आतपर्यंत पूर्ण गार होईपर्यंत डॅम्पर उघडाच ठेवायचा. घर थोडं गार पडेल, पडू दे.

आणि सफाई करताना तोंडाला नीट बसणारा मास्क लावा. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यविशारदाने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाचं हे पहिलं ठळक उदाहरण मानतात. काजळी अंगावर घेऊन घरभर हिंडू नका.
रोहिणी

------

प्रेषक: अविनाश

मागच्या वेळी धूर खोलीत आला तो स्वयंपाकघरातला पंखा जोरात चालू होता म्हणून. मी तेव्हाच सांगत होतो, कोणी ऐकलं नाही.

------

प्रेषक: लता

हे मात्र अविनाशचं बरोबर आहे, तारीख लिहून ठेवा. घट्ट बंद घरात पंखा हवा बाहेर फेकतो, मग ती भरून काढायला धुराड्यातून हवा खाली येते. पंखा बंद करायचा, फायरप्लेसजवळची खिडकी बोटभर उघडायची. शिवाय धुराडं बाहेरच्या भिंतीतलं असेल तर आत गार हवेचा बुच बसलेला असतो. पेटवण्याआधी वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून डॅम्परपाशी मिनिटभर धरायची, ओढ लागली की मग मुख्य जाळ. मोठी लाकडं खाली, लहान वर आणि सगळ्यात वर ढलप्या, असं वरून पेटवलं तर सुरुवातीचा धूर खूपच कमी.
पण हे सगळं धुराडं साफ झाल्यावर, मंदार.

------

प्रेषक: मंदार

ठीक आहे, रविवारी फायरप्लेस बंद. कारागिराची वेळ घेतली आहे, आतून कॅमेरा टाकूनही बघणार म्हणाला. अलार्म आजच आणतो. बैठक आमच्याकडेच, हीटर आहेत, तरी स्वेटर घालून या. अध्यक्षांना भाषण थोडक्यात ठेवायला कोणीतरी सांगा, मी सांगणार नाही.

------

प्रेषक: नेहा

नमस्कार, मी या लिस्टवर नवीन. आमच्या भाड्याच्या घरात फायरप्लेस आहे. राख कागदी पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर चालते का? काल पेटवलेली आहे, आता गार वाटतेय.

------

प्रेषक: शशीताई

नेहा, नको! राखेखाली निखारे दोन-चार दिवस जिवंत राहतात, वरून हात लावून कळत नाही. घट्ट झाकणाची लोखंडी बादली, घरापासून तीन मीटर तरी लांब, दगड किंवा मातीवर. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही. घरातला व्हॅक्यूम लावू नकोस, आत निखारा गेला तर तो आतूनच पेटतो. मंडळाकडे लोखंडी बादली आहे, हवी तर ये, सही करून घेऊन जा. प्लास्टिकची बादली वितळल्यानंतर ती आणलेली आहे. कोणी वितळवली ते त्यांना माहीत आहे.
भाड्याचं घर असेल तर शेवटची सफाई कधी झाली ते मालकाकडून लेखी घे. तोवर पेटवू नकोस.

------

प्रेषक: नेहा

धन्यवाद ताई! दुसरं म्हणजे काचेचे दरवाजे आहेत, ते पूर्ण काळे झालेत. जाळ चालू असताना ते लावायचे की उघडे ठेवायचे?

------

प्रेषक: दिलीपकाका

विटांच्या उघड्या फायरप्लेसला साधी टफन काच असेल तर जाळ जोरात असताना दरवाजे उघडे आणि पुढे ठिणग्यांची जाळी. नाहीतर काच तडकू शकते. जाळ ओसरला की लावायचे. स्टोव्ह असेल आणि सिरॅमिक काच असेल तर बंदच ठेवायचे. बसवणाऱ्याचं पुस्तक बघा, त्यात लिहिलेलं असतं.
काच धुवायला महागडी द्रावणं नकोत. वर्तमानपत्राचा बोळा ओला करून गार राखेत बुडवायचा आणि घासायचा.

------

प्रेषक: अविनाश

राखेने काचेवर ओरखडे पडतात.

------

प्रेषक: लता

चाळून घेतली तर नाही पडत.