कसब्याचा आमदार: फोन उचलणारा हवा की कायदा बदलणारा?

शनिवारपेठी
काल संध्याकाळी दारात पुण्यातल्या आमच्या कसबा मतदारसंघातल्या एका उमेदवाराचं पत्रक पडलं. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो आणि खाली सात कामं: पाणी, खड्डे, ड्रेनेज, पार्किंग, पीएमपीच्या छोट्या बस, शनिवारवाड्याचे शंभर मीटर आणि वाड्यांचा पुनर्विकास. त्याचं नाव लिहीत नाही. समोरच्याचं पत्रकही साधारण असंच आहे, फोटो तेवढा वेगळा.

पेन घेऊन बसलो. पहिली चार कामं महापालिकेची. पाचवं पीएमपीचं, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या कंपनीचं. सहावं तर थेट दिल्लीचं. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. 2010 च्या दुरुस्तीनं स्मारकापासून 100 मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घेऊनच. कायदा संसदेचा आहे, मुंबईत कितीही बाकं वाजवली तरी तो हलत नाही. उरलं सातवं. खऱ्या अर्थानं आमदाराच्या हातातलं तेवढंच, आणि त्यावर अर्धी ओळ: वाडेकऱ्यांना न्याय.

20 नोव्हेंबर 2024 ला मतदान आहे. विधानसभेला उभे आहात ना, मग विधानसभेत काय करणार ते सांगा की!

रविवारातला दुकानदार
वाचायला छान वाटलं, पटलं मात्र नाही. नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आता नोव्हेंबर 2024 उजाडला, अजून प्रशासकच. आम्ही फोन करायचा कोणाला?

यंदा गणपतीच्या तोंडावर दुकानासमोरचं ड्रेनेजचं चेंबर उलटं मारत होतं. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून पुढं जायचं. दोन ठिकाणी तक्रार टाकली, दोन्हीकडून काम झाल्याचा मेसेज आला, पाणी होतं तिथंच. शेवटी ओळखीच्या एका कार्यकर्त्याला गाठलं, तासा-दीड तासात गाडी आली. अशा वेळी मी सभागृहातल्या लक्षवेधी सूचनेची वाट बघत बसू?

आणि 2023 ची पोटनिवडणूक विसरलात का? 1995 पासून भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जवळपास 11 हजार मतांनी काढली. माझ्या मते पेठांनी रोज दारात दिसणारा माणूस निवडला.

शनिवारपेठी
चेंबरचं दुखणं खरं आहे. पण नगरसेवक नाहीत म्हणून आमदाराला नगरसेवक करायचं, तर मग आमदार कोण होणार? महापालिकेच्या निवडणुका का होत नाहीत, हे सभागृहात सरकारला विचारायचं कामही त्याचंच.

मिळकत करातली 40 टक्क्यांची सवलत घ्या. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला 1970 पासून मिळत होती, मध्येच काढली, 2023 मध्ये परत आली. ती राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानं आली, वॉर्ड ऑफिसातून नाही. दर वर्षी खिशात राहणारे पैसे आहेत हे.

रविवारातला दुकानदार
परत कधी आली? कसब्याच्या निकालानंतर. भाषणानं आणली की मतपेटीनं, ते तुम्हीच ठरवा.

शनिवारपेठी
हा घाव बसला. मतपेटीनं घाई करायला लावली, कबूल. पण सही मंत्रालयातच झाली ना.

भाडेकरू_तिसरी_पिढी
दोघांचंही चाललंय छान. एकाचं दुकान, एकाचं घर. ‘वाडेकरी’ म्हणजे कोण हे कोणीच विचारलं नाही. मालक की आम्ही?

आमच्या वाड्याच्या जिन्याला कठडा नाही, दोरी आहे. आजोबांच्या हातानं गुळगुळीत झाली होती, मागच्या वर्षी बदलली. मागच्या खोलीला तीन टेकू. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते. दारावर जुन्या नोटिशीवर नवी चिकटवलेली आहे, कागदाचा चांगला पुठ्ठा झालाय. भाडं इतकं किरकोळ की मालक घ्यायलाही वर येत नाहीत. आणि आम्ही बाहेर पडत नाही, कारण एकदा वाडा उतरवला की आमची खोली कागदावर कुठं आहे?

भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 ला. वर्षाला 4 टक्के वाढ करता येते, पण मुळातल्या शंभर रुपयांवर 4 टक्के म्हणजे चार रुपये. त्यात मालक कौलं तरी बदलेल का? त्यांचंही खोटं नाही.

शनिवारपेठी, कायदा बदला म्हणता, पण काय बदला ते तुम्हीही लिहिलं नाहीत. तुमच्या पोस्टी आणि ते पत्रक, सारखंच.

कोथरूडला गेलेला
मध्येच तोंड घालतो. आमदार निधी वर्षाला 5 कोटी. तो कुठं जातो ते पाहायचं तर कोणत्याही चौकातल्या बाकावर बसा. पाठीला टोचतं ते आमदाराचं नाव.

शनिवारपेठी
भाडेकरू, बरोबर पकडलंत. आधी सांगायला हवं होतं, मी मालक आहे. तीन बिऱ्हाडं आहेत आमच्याकडं.

मला हवंय ते असं. वाडा उतरवण्याआधी प्रत्येक भाडेकरूचं क्षेत्र नोंदणीकृत करारात आलंच पाहिजे, त्याशिवाय पाडायची परवानगी नको. बांधकाम होईपर्यंतचं पर्यायी घराचं भाडं आधी बँकेत जमा. दुसरं, बांधकाम नियमावली. 2020 ची एकात्मिक नियमावली राज्य सरकारनं काढली, बदलायची तीही तिथंच. पेठेतल्या तीन गुंठ्यांत चारही बाजूंनी जागा सोडत बसलं तर मध्ये बोळ उरतो, घर नाही. दोन-तीन वाडे एकत्र आले तरच जमतं. मग त्या भाऊबंदांना एकत्र आणणारी तरतूद काय, हे उमेदवारानं लिहावं.

भाडेकरू_तिसरी_पिढी
पहिल्या मुद्द्याला माझी सही. पण भाडं बँकेत कोण भरणार? बिल्डर मध्येच पळाला तर? सरकारची हमी आहे का?

शनिवारपेठी
याचं उत्तर माझ्याकडं नाही.

रविवारातला दुकानदार
रविवारी आमच्या चौकात कोपरा सभा आहे. बिल्डर पळाला तर काय, हे मी माइकवर विचारतो, माझं काय जातंय. पण चेंबरचं आधी विचारणार.