मदत हवी आहे : भोजराजाच्या कथांचे मराठी रूप

नमस्कार. धारचा परमार राजा भोज ११व्या शतकात होऊन गेला आणि ‘शृंगारप्रकाश’, ‘समरांगणसूत्रधार’ असे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत; पण लोकांच्या मनात ठसला तो सुमारे ५०० वर्षांनंतर बल्लाळाने लिहिलेल्या ‘भोजप्रबंधा’तला राजा, ज्याच्या दरबारात कित्येक शतके आधीचा कालिदासही हजर असतो. त्यातला एक प्रसंग मला फार हलवून जातो. काका मुंज याने मारायला पाठवलेला कोवळा भोज वडाच्या पानावर स्वतःच्या रक्ताने श्लोक लिहितो : मांधाता गेला, राम गेला, युधिष्ठिर गेला, पृथ्वी कोणाबरोबरच गेली नाही, तुमच्याबरोबर मात्र ती नक्की येईल. ते वाचून मुंज पश्चात्तापाने कोसळतो.

हा प्रसंग जुन्या मराठी गद्यात किंवा कीर्तनाच्या आख्यानांत आला आहे का, हे मी शोधत आहे. सिंहासनबत्तिशीतला भोज आपल्या परिचयाचा आहे, परंतु तिथे तो विक्रमाच्या सिंहासनासमोर थबकलेला श्रोता आहे, कवींचा आश्रयदाता नव्हे. ‘भोजप्रबंधा’चे मूळ श्लोकांसह मराठी भाषांतर कोणाच्या संग्रही असल्यास कृपया प्रकाशनवर्ष आणि ग्रंथालय कळवावे.